केटामिन आणि टॉक थेरपी: सोलापुरातले लोक जे जे विचारतात ते सगळं

मी सोलापुरात कौन्सेलिंग करते, इंजेक्शन देत नाही, ते काम सायकियाट्रिस्ट आणि भूलतज्ज्ञाचं. पण रील बघून नाहीतर पुण्यातल्या नातेवाइकाकडून ऐकून लोक आधी मलाच विचारतात, "मॅडम, डिप्रेशनचं नवीन इंजेक्शन आलंय म्हणे, दोन तासात माणूस हसायला लागतोय, खरंय का ओ?" अर्धं खरंय, आणि ते इंजेक्शन म्हणजे केटामिन. व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते.

आणि ज्यांना आत्ता या घडीला जीव नकोसा झालाय त्यांनी खाली वाचत बसू नका, १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. शेजारी कुणी असेल तर त्याला घेऊन सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा.

केटामिन म्हणजे नक्की काय? नवीन औषध आहे का हे?

नवीन कुठलं, साठ वर्षांपेक्षा जुनं आहे. १९६२ साली अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी कॅल्विन स्टीव्हन्स यांनी ते पहिल्यांदा बनवलं, १९६४ मध्ये माणसांवर वापरून बघितलं, १९७० ला तिथे भुलीचं औषध म्हणून मंजुरी मिळाली आणि मग व्हिएतनामच्या लढाईत जखमी सैनिकांसाठी धडाधड वापरलं गेलं, कारण इतर भुलीच्या औषधांसारखा यात श्वास आणि बीपी सहसा खाली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. आपल्याकडेही लहान पोराचं हाड बसवायचंय, भाजलेल्याचं ड्रेसिंग करायचंय, अशा वेळी हेच देतात, तुमच्या घरात कुणाला तरी मिळालेलंही असेल आणि तुम्हाला नाव माहीत नसेल.

नवीन आहे तो त्याचा मानसिक आजारासाठीचा वापर, तोही एकदम कमी डोसमध्ये. २००० साली येल विद्यापीठातल्या लोकांनी फक्त ७ पेशंटवर एक छोटा अभ्यास छापला, मग २००६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराटे यांच्या टीमने १८ जणांवर केला, हे १८ जण असे की ज्यांना आधीच्या गोळ्या लागू पडल्या नव्हत्या. काही तासांत फरक दिसला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

मग नेहमीच्या डिप्रेशनच्या गोळ्यांपेक्षा वेगळं काय आहे यात?

दोन गोष्टी. एक म्हणजे वेग. नेहमीच्या गोळ्यांना फरक दाखवायला दोन ते सहा आठवडे लागतात, केटामिनचा फरक पडायचा असेल तर बऱ्याचदा २४ तासांच्या आत कळतो. दुसरं म्हणजे मेंदूतली जागा. त्या गोळ्या मुख्यतः सेरोटोनिन या रसायनावर काम करतात, केटामिन ग्लुटामेट नावाच्या रसायनाच्या एनएमडीए रिसेप्टरला, म्हणजे ते रसायन पेशीवर जिथे बसतं त्या जागेला, अडवतं आणि त्यातून पुढे जी साखळी सुरू होते तिच्यात मेंदूच्या पेशींमधले जोड पुन्हा वाढायला लागतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलंय. माणसात हेच आणि एवढंच घडतं का यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाहीये.

एक अभ्यास मला फार विचार करायला लावतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी डिप्रेशनच्या ४० पेशंटना दुसऱ्याच ऑपरेशनसाठी पूर्ण भूल दिलेली असताना अर्ध्यांना केटामिन दिलं, अर्ध्यांना नुसतं सलाईन, म्हणजे औषध चढल्याचा अनुभव कुणालाच आला नाही. दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला! आता यातून काय काढायचं त्यावर भांडणं चालू आहेत, पण माणसाची आशा, आणि आपली कुणीतरी नीट काळजी घेतंय ही भावना, यांचा वाटा मोठा आहे हे मान्य करावंच लागतं. हे मी पेशंटपासून लपवत नाही.

"असिस्टेड सायकोथेरपी", म्हणजे केटामिनच्या जोडीने टॉक थेरपी, कशाला? नुसतं इंजेक्शन घेतलं तर चालत नाही का?

चालतं की. बहुतेक मोठ्या अभ्यासांत नुसतं औषधच दिलंय, थेरपी नव्हतीच. थेरपी जोडल्याने नक्की किती जास्त फायदा होतो याचे अभ्यास अजून थोडे आणि छोटे आहेत, त्यामुळे "थेरपीशिवाय केटामिन वाया" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तो पुराव्याच्या पुढे पळतोय.

पण मी तरी थेरपीच्या बाजूने आहे आणि कारण सांगते. एका डोसचा परिणाम बऱ्याच जणांत काही दिवस, फार तर आठवडाभर टिकतो, मग ओसरायला लागतो. या दिवसांत माणूस जरा हलका असतो, जे विचार दगडासारखे बसलेले असतात ते थोडे हलतात, अंघोळ करावी वाटते, फोन उचलावा वाटतो. आपल्याकडे जमिनीला वाफसा आला की पेरणी करून घ्यायची असते, पाऊस चांगला झाला म्हणून बांधावर बसून राहिलं तर रान वाळून जातं, तसलंच हे. त्या चार-सहा दिवसांत बोलायचं, झोप बसवायची, टाळलेलं एखादं काम करायचं, भांडण झालेल्या भावाला फोन करायचा, हे सगळं थेरपीत येतं.

साधारण तीन टप्पे असतात. आधी एक-दोन तयारीच्या बैठका, त्यात तुमचा इतिहास, भीती, काय बदलायचंय ते. मग औषधाचं सेशन. मग एक-दोन दिवसांत परत बसून जे काही वर आलं त्यावर बोलणं. पाश्चात्त्य देशांत थेरपिस्ट औषधाच्या वेळी पण शेजारी बसतो, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी औषध हॉस्पिटलात आणि थेरपी वेगळ्या दिवशी, असंही करतात. त्यात काही बिघडत नाही, फक्त डॉक्टर आणि थेरपिस्ट एकमेकांशी बोलतात का ते बघा.

सेशनच्या दिवशी नक्की काय होतं?

किती वेळ आधीपासून खायचं नाही ते हॉस्पिटल सांगतं, ते पाळा, "फक्त चहा-बिस्कीट घेतलं" हे पण सांगा, मळमळ होते म्हणून विचारतात. गेल्यावर वजन, बीपी, नाडी. मग एक पलंग नाहीतर मागे झुकणारी खुर्ची, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला ऑक्सिजनची क्लिप, हातात आयव्ही, म्हणजे सलाईनची सुई. डिप्रेशनसाठी सगळ्यात जास्त अभ्यासलेला डोस म्हणजे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, शिरेतून हळूहळू ४० मिनिटांत. ऑपरेशनला एका झटक्यात किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम देतात, त्यावरून अंदाज घ्या. डोळ्यांवर पट्टी, कानात शब्द नसलेलं संगीत. खोलीत अंधार असतो पण बाहेर सोलापूरच आहे, रिक्षाचे हॉर्न येतात, एप्रिल-मे असेल तर लाइट जाते आणि एसी बंद पडून घाम फुटतो. जनरेटर आहे का हे आधी विचारून ठेवलेलं बरं, उगीच नाही सांगत.

औषध संपल्यावर तासाभरात माणूस बऱ्यापैकी ताळ्यावर येतो. तरी दोन तास तिथेच बसवून ठेवतात, बीपी परत मोजतात, मगच सोडतात. त्या दिवशी गाडी नाही, दुचाकी तर अजिबात नाही, पॉवरलूम किंवा कसलंही मशीन नाही, आणि जमिनीच्या कागदावर सही पण नाही. हे सगळं दुसऱ्या दिवशी, रात्रीची झोप झाल्यावर.

सुरुवातीला साधारण दोन-तीन आठवड्यांत सहा वेळा देतात. नंतर गरज असेल तर लांबवत लांबवत.

बेशुद्ध करतात का? आत काय वाटतं?

बेशुद्ध नाही. हाक मारली तर बहुतेक जण ओ देतात. हातपाय आपले नाहीत असं वाटणं, खोली लांब गेल्यासारखी वाटणं, वेळेचा हिशोब चुकणं, आवाज वेगळे ऐकू येणं, कुणाला रंग, कुणाला जुन्या जागा, एक आजोबा उठल्यावर म्हणाले "मिलच्या भोंग्याचा आवाज आला", आणि मग पुढच्या बैठकीत ते कितीतरी वेळ फक्त मिल बंद पडली त्या वर्षाबद्दल बोलत होते, त्याआधी त्यांनी तो विषयच काढला नव्हता. कुणाला काहीच दिसत नाही आणि तरी फरक पडतो. कुणाला भीती वाटते, घाबरून उठायला बघतात, तेव्हा शेजारचं माणूस हात धरून "औषधाचं आहे, उतरेल" एवढंच सांगतं, आणि ते उतरतं.

मी त्या धुंदीत घरातल्या गोष्टी बडबडले तर?

हा प्रश्न बायका हमखास विचारतात, आणि दबक्या आवाजात. हे खरं बोलायला लावणारं औषध नाहीये. या डोसला बहुतेक लोक गप्पच पडून असतात. आणि काही बोललात तरी मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये पेशंटच्या माहितीची गुप्तता हा तुमचा हक्क आहे, सासूबाई बाहेर बसल्यात म्हणून त्यांना सगळं सांगायला कुणी बांधील नाही. आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा की घरी काय सांगायचं आणि काय नाही.

हे कोणासाठी आहे? मला डिप्रेशन आहे, मी घेऊ का?

इथे जरा थांबा. हे मुख्यतः अशा डिप्रेशनसाठी वापरतात जिथे किमान दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनसुद्धा फरक पडलेला नाही. आता यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे कारण माझ्याकडे "सगळ्या गोळ्या करून झाल्या मॅडम" म्हणत येणाऱ्यांच्या फाइली उघडल्या की वेगळंच निघतं. पंधरा दिवस गोळी घेतली, तोंड कोरडं पडलं म्हणून सोडली. डॉक्टरांनी डोस वाढवायला बोलावलं तेव्हा गेलेच नाहीत कारण घरात लग्न होतं. मेडिकलवाल्याने "याच्यासारखीच" म्हणून दिलेली झोपेची गोळी वर्षभर चालू, आणि तिलाच सगळे डिप्रेशनची गोळी समजतायत. नवरा चारचौघात हसतो म्हणून बायकोने गोळ्या लपवून लपवून घेतल्या, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस.

हे "लागू पडलं नाही" यात मोडत नाही, हे "नीट घेतलंच नाही" यात मोडतं, आणि यात पेशंटला शिव्या घालायचं काही कारण नाही, त्याला कुणी समजावून सांगितलेलंच नसतं.

दुसरं, रक्त तपासलंय का? थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. थायरॉइड खाली असलेली बाई डिप्रेशनसारखीच दिसते. तिसरं, दारू. रोज संध्याकाळी क्वार्टर चालू असेल तर कुठलीच गोळी नीट काम करत नाही. चौथं, बायपोलर तर नाही ना? म्हणजे मधेच कधी आठवडा आठवडा झोप न लागता भरमसाठ उत्साह, उधळपट्टी, असं झालंय का? तसं असेल तर उपचाराची सगळी दिशाच बदलते.

हे सगळं बघूनही माणूस तिथेच अडकलाय, किंवा आत्महत्येचे विचार जोरात आहेत आणि सहा आठवडे थांबायला वेळ नाहीये, तेव्हा केटामिनचा विषय काढायला अर्थ आहे.

पीटीएसडी, ओसीडी, दारू सोडवणं, यासाठी पण चालतं म्हणे?

पीटीएसडी म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, ओसीडी म्हणजे तेच तेच विचार आणि कृती परत परत होणं. अभ्यास चालू आहेत, डिप्रेशनइतका भक्कम पुरावा नाही. पीटीएसडीत काही अभ्यासांत फायदा दिसला, अमेरिकेत माजी सैनिकांवरच्या एका मोठ्या अभ्यासात सलाईनपेक्षा फार वेगळं निघालं नाही. ओसीडीचे अभ्यास अगदी छोटे. दारूसाठी रशियात एव्गेनी क्रुपित्स्की यांनी १९८० च्या दशकापासून हे केलंय, आणि २०२२ मध्ये इंग्लंडात ९६ जणांवरच्या अभ्यासात केटामिन घेणाऱ्यांचे न पिलेले दिवस जास्त भरले. आशा आहे, पण "दारू सोडवायचं इंजेक्शन" म्हणून कुणी पत्रक वाटत असेल तर दुरूनच नमस्कार करा.

कोणी घेऊ नये?

बीपी ताब्यात नसेल तर नाही. रक्तवाहिनीला फुगा असेल, नुकताच हार्टचा त्रास किंवा मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर नाही. स्किझोफ्रेनिया किंवा भास-भ्रमाचा आजार असेल, सध्या मॅनिया (बायपोलरमधला तो भरमसाठ उत्साह) चालू असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर नाही. नशेचं व्यसन असेल तर फार विचार करून. लिव्हर आणि लघवीचा त्रास असेल तर आधी सांगा. आणि आपल्याकडचा खास मुद्दा म्हणजे बीपी मोजलेलंच नसतं, पन्नाशीचा माणूस, रोज तंबाखू, आणि "मला बीपी नाही" म्हणतो कारण कधी बघितलंच नाही.

चालू गोळ्या मनाने बंद करू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्यांमुळे केटामिनचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून डॉक्टर वेळ मागेपुढे करतात, पण ते त्यांनी करायचं. अचानक सोडल्या तर फिट येऊ शकते.

शॉक ट्रीटमेंट बरी का हे बरं?

आधी शॉकबद्दलचं डोक्यातलं चित्र काढून टाका. आता भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय ईसीटी, म्हणजे हाच शॉक, द्यायला कायद्यानेच बंदी आहे.

दोन मोठे अभ्यास आहेत आणि दोघांचं उत्तर वेगळं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात, ज्यांना भास-भ्रम नव्हते अशा पेशंटमध्ये, केटामिनने ५५ टक्के जणांना बराच फरक पडला आणि ईसीटीने ४१ टक्के, म्हणजे केटामिन कमी पडलं नाही आणि स्मरणशक्तीचा त्रासही कमी. २०२२ मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासात, जिथे दवाखान्यात भरती असलेले जास्त आजारी पेशंट होते, ईसीटीने ६३ टक्के बरे झाले आणि केटामिनने ४६ टक्के. म्हणून माणूस खाणंपिणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडलाय, कानात आवाज येतायत, वय जास्त आहे, तर डॉक्टर ईसीटी सांगतील आणि तुम्ही "नको, ते इंजेक्शनच द्या" म्हणून हट्ट करू नये असं मला वाटतं.

साइड इफेक्ट काय?

त्या वेळचे: बीपी थोडा वेळ वाढतो, चक्कर, मळमळ, अंधुक दिसणं, घाबरल्यासारखं होणं. बहुतेक दोन तासांत जातं.

लांबचे: लघवीची पिशवी. जे लोक नशेसाठी वारंवार, भरपूर घेतात त्यांच्या पिशवीला आतून जखमा होतात, दर पंधरा मिनिटांनी लघवी, रक्त, कळा, काहींची पिशवी कायमची आकसते. दवाखान्यातल्या डोसला हे क्वचितच, तरी सेशन लांबत गेली तर लघवीची जळजळ लगेच सांगायची. आठवणीवर परिणाम पण जास्त वापरणाऱ्यांतच दिसतो.

हे नशेचंच औषध आहे ना? सवय लागली तर?

हो, नशेसाठी वापरतात, त्यात खोटं काही नाही. म्हणून तर भारतात २०११ पासून ते एनडीपीएस, म्हणजे नशेच्या पदार्थांच्या कायद्याखाली आहे आणि २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत मेडिकलवाल्याने दोन वर्षं जपून ठेवायची. नवी पेठेतल्या कुठल्याही दुकानात जाऊन मागितलं आणि मिळालं असं होत नाही, आणि होत असेल तर तो गुन्हा आहे.

"फ्रेंड्स" मालिकेतला नट मॅथ्यू पेरी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला, शवविच्छेदनात मुख्य कारण केटामिन निघालं, तेव्हापासून सगळे घाबरलेत. नीट वाचलं तर कळतं की त्याने ते दवाखान्यात, देखरेखीखाली घेतलेलं नव्हतं, बाहेरून मिळवलेलं होतं आणि पाण्याच्या हौदात एकटा होता. भीती योग्य जागी ठेवा: औषध तेच, पण डोस, देखरेख आणि कितीदा, यावर सगळं आहे.

नाकातला स्प्रे घरी मागवता येतो का? ऑनलाइन गोळ्या दिसतात.

एस्केटामिन नावाचा स्प्रे आहे, अमेरिकेत मार्च २०१९ ला गोळ्या लागू न पडणाऱ्या डिप्रेशनसाठी मंजूर झाला. पण तिथेसुद्धा तो घरी देत नाहीत, दवाखान्यात डॉक्टरसमोर मारायचा आणि दोन तास बसायचं. साधं केटामिन तर तिथे कुठल्याच मानसिक आजारासाठी मंजूर नाही, आणि घरी घ्यायच्या केटामिनबद्दल ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या औषध प्रशासनाने स्पष्ट इशारा दिलाय. आपल्याकडेही केटामिनला मंजुरी भुलीसाठीची आहे, डिप्रेशनसाठी वापरतात ते ऑफ-लेबल, म्हणजे डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर, तुमची लेखी संमती घेऊन. बेकायदेशीर नाही, पण संमतीचा कागद न वाचता सही करू नका. टेलिग्रामवर कुणी पार्सल पाठवतो म्हणतोय त्याला ब्लॉक करा.

सोलापुरातच करायचं का पुण्याला जायचं?

पहिली पायरी सोलापुरातच. सिव्हिलला, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपर काढून दाखवता येतं, खासगी सायकियाट्रिस्ट पण शहरात आहेत. निदान पक्कं करणं, गोळ्या नीट बसवणं, रक्त तपासणं, हे इथे व्यवस्थित होतं आणि निम्म्याहून जास्त लोकांना पुढे जायची गरजच पडू नये असं माझं मत.

पुण्याला जाणार असाल तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून जायचं, सेशन करायचं आणि संध्याकाळच्या हुतात्माने परत, हा प्लॅन कागदावर मस्त दिसतोय. पण दोन-तीन आठवड्यांत सहा वेळा, दर वेळी जाताना अडीचशे किलोमीटर आणि येताना तेवढेच, सोबत एक माणूस, त्याची पण रजा. बिडी कारखान्यातल्या नाहीतर लूमवरच्या माणसाला रजा म्हणजे हजेरी बुडाली. म्हणून नातेवाइकाकडे दोन आठवडे मुक्काम जमतो का बघा. एकट्याने तर जाऊच नका, मळमळ आणि गुंगीत पुणे स्टेशनवर प्लॅटफॉर्म शोधणं काही खरं नाही.

घरी आम्ही तेलुगू बोलतो. थेरपी मराठीत झाली तर चालेल का?

मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हा, आणि पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकांत तो कधी दिसणार नाही. आपल्या शहरात पूर्व भागात घराघरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे दख्खनी, आणि बाजारात सगळे मराठी. माणूस हिशोब मराठीत करतो पण रडतो आईच्या भाषेत. औषधाच्या सेशननंतर जे वर येतं ते बऱ्याचदा लहानपणचं असतं. एक काकू माझ्याशी छान मराठी बोलायच्या, सगळं शहाण्यासारखं, मोजून मापून. एकदा मी म्हटलं, अम्मा तुम्हाला काय म्हणायच्या ते तेलुगूतच सांगा, मला कळलं नाही तरी चालेल. मग त्या थांबल्याच नाहीत. मला दहा शब्दांतले चार कळले. नंतर त्यांनीच मराठीत समजावून सांगितलं आणि ते सांगताना त्यांचं त्यांनाच काहीतरी उलगडत गेलं.

तर, जमल्यास आपल्या भाषेचा थेरपिस्ट शोधा, नाही जमला तर निदान आपल्या भाषेत बोलायची, आवाज रेकॉर्ड करून ठेवायची मोकळीक मागा. घरच्या माणसाला दुभाषा म्हणून आत बसवू नका, खास करून नवऱ्याला नाहीतर मुलाला. त्यांच्यासमोर बाई बोलणारच नाही.

आमचे वडील माळकरी आहेत, त्यांना चालेल का? नशा म्हणून नको म्हणतायत.

अण्णांना सांगा, मोतीबिंदूला, हर्नियाला भूल घेतली तर माळ तुटते का? हे त्याच कपाटातलं औषध आहे, डॉक्टरच्या हाताने, मौजेसाठी नाही. तरी त्यांना पटत नसेल तर जबरदस्ती करू नका, दुसरे उपचार आहेत. आणि दरवर्षी वारीला जात असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, सेशन्सच्या तारखा आषाढीच्या आधी-मागे बसवता येतात.

घरचे म्हणतात बाहेरचं आहे, गाणगापूरला नेऊ या.

न्या की, दर्शन घ्या, मन शांत होत असेल तर चांगलंच आहे. मी यावर भांडत नाही, भांडलं की लोक परत येत नाहीत. माझ्या अटी एवढ्याच: गोळ्या सोबत न्या आणि वेळेवर द्या, कुणी मारहाण करणार किंवा उपाशी ठेवणार असेल तर तिथून उठून या, आणि परत आल्यावर ठरलेल्या तारखेला डॉक्टरकडे जा.

खर्च किती? विमा मिळतो का?

औषध स्वतः महाग नाही, जुनं आहे, बऱ्याच कंपन्या बनवतात. पैसे लागतात ते खोली, मॉनिटर, डॉक्टर-भूलतज्ज्ञ आणि थेरपिस्टच्या वेळेचे, आणि ठिकाणानुसार फार फरक आहे. एका सेशनच्या रकमेत थेरपी धरली आहे का वेगळी, हे लेखी घ्या. सहाचं पॅकेज आगाऊ भरायला लावत असतील तर विचारा की दोन सेशननंतर फरक नाही पडला आणि थांबवलं तर पैसे परत का?

विम्याचं म्हणाल तर कायदा सांगतो की शारीरिक आजाराला मिळतो तसाच मानसिक आजारालाही विमा मिळायला हवा. पण ऑफ-लेबल उपचार, आणि त्यात रात्रभर भरती नाही, म्हणून कंपन्या बऱ्याचदा नाकं मुरडतात. आधी ईमेल करून लेखी उत्तर मागवा, एजंटच्या तोंडी "होऊन जाईल की"वर जाऊ नका.

सेंटर चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

विचारा: तपासणारा डॉक्टर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम सायकियाट्री आहे का? सेशनच्या वेळी श्वासाची अडचण आली तर सांभाळू शकणारा कोण हजर असतो? ऑक्सिजन, मॉनिटर, इमर्जन्सीची औषधं त्याच खोलीत आहेत का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन आहे का? फरक पडला का नाही हे कसं मोजणार, प्रश्नावली भरून घेता का नुसतं "कसं वाटतंय"? आणि थांबवायचं कधी?

शेवटच्या प्रश्नाला जो गडबडतो तिथे मी तरी माझा माणूस पाठवणार नाही. पहिल्याच भेटीत, जुनी फाइल न बघता, "उद्यापासून सुरू करू" म्हणणाऱ्याकडे तर नाहीच.

फरक पडला आणि महिन्याभराने परत तसंच झालं तर?

होतं असं, बऱ्याच जणांना होतं, आणि याचा अर्थ तुम्ही काही चुकलात असा नाही. म्हणूनच चालू गोळ्या सहसा सोबत ठेवतात आणि थेरपी पुढे चालू ठेवतात. काहींना महिन्यातून एखादा डोस लागतो. ज्यांना चढ-उतार फार जोरात होतो त्यांच्यासाठी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवायची: फरक पडून परत खाली आलं की निराशा दुप्पट वाटते, "हे पण नाही चाललं" म्हणून. ते दिवस नाजूक. घरात साठवलेल्या गोळ्या आणि शेतातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा, एकटं सोडू नका, आणि "परत नाटक सुरू झालं" हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. काही सेशननंतर काहीच फरक नसेल तर अजून दहा घेऊन पडेल असं नसतं, डॉक्टरांशी दुसऱ्या मार्गाचं बोला.

पहिल्यांदा दाखवायला जाताना काय न्यायचं?

आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या, फाटक्या असल्या तरी. रिकामी झालेली गोळ्यांची पाकिटं. कुठली गोळी किती दिवस घेतली आणि का सोडली ते एका कागदावर, खरं खरं. थायरॉइड, बी-१२, साखरेचे रिपोर्ट. आठवडाभराचं बीपी, जवळच्या डॉक्टरकडे किंवा आशाताईंकडून मोजून. बिडी, तंबाखू, दारू किती, लाजू नका. आयुर्वेदिक काढे चालू असतील तर त्या बाटलीचा फोटो. आणि सोबत असा एक माणूस जो तुमच्याऐवजी बोलणार नाही.